वाचक विचारतात: गोल्फ क्लब दुरुस्तीची हत्यारं घरीच बनवायची तर?

मागच्या अंकात गोल्फ क्लबची, म्हणजे बॉल मारायच्या काठीची, ग्रिप (मुठीवरचं रबरी आवरण) बदलण्याबद्दल लिहिलं तेव्हापासून पत्रं आणि मेसेज येतायत आणि बहुतेकांचं म्हणणं एकच आहे, की काम समजलं पण हत्यारं आणायची कुठून, बाहेरून मागवायची म्हटलं तर कुरियर आणि ड्यूटी धरून जो आकडा येतो तो बघून उत्साहच मावळतो. म्हणून या वेळी फक्त हत्यारांचेच प्रश्न घेतलेत. माझ्या बेंचवरची निम्म्याहून जास्त हत्यारं वखारीतून, रंगाच्या दुकानातून आणि जुन्या बाजारातून आलेली आहेत आणि ती रोज वापरात आहेत, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते करून बघितलेलं आहे.

प्रश्न: सर, मी पुण्यात येरवड्याला कॅडी आहे, म्हणजे खेळणाऱ्यांची क्लबची बॅग सांभाळतो, वय १९. मेंबर लोक जुने क्लब देऊन टाकतात, ते नीट करून विकावे आणि हळूहळू दुरुस्तीचं काम घ्यावं असं मनात आहे. घरात एक खोली आहे, पैसे फार नाहीत. सुरुवात कशाने करू?

मित्रा, ग्रिपपासून सुरू कर. दुरुस्तीला येणाऱ्या दहा क्लबांपैकी बहुतेकांना आधी ग्रिपच हवी असते आणि ग्रिपमधे चूक झाली तर ग्रिप जाते, क्लब जात नाही, त्यामुळे हात बसेपर्यंत नुकसान कमी.

पहिली खरेदी म्हणजे एक बेंच व्हाइस, ४ इंची जबड्याचा पुरे. नवा घेऊ नकोस, बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात जा, तिथे जुने बिडाचे व्हाइस मिळतात, फक्त घेताना स्क्रू पूर्ण आत-बाहेर फिरवून बघ आणि जबडे बंद केल्यावर मधून उजेड दिसतो का ते बघ, एका बाजूने फट दिसली तर सोडून दे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. व्हाइसमधे शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, उघडा कधीही धरायचा नाही. मी शिकत होतो तेव्हा एका मेंबरचा ग्रॅफाइट शाफ्ट नुसतं फडकं गुंडाळून व्हाइसमधे आवळला, अजून अर्धा फेरा द्यावा म्हणून दांडी फिरवली आणि आतून कर्र असा बारीक आवाज आला. वरून काहीच दिसत नव्हतं, पण बोटाने दाबलं की तिथे शाफ्ट किंचित मऊ लागायचा. तो शाफ्ट मी पदरचे पैसे घालून बदलून दिला आणि त्याच आठवड्यात लाकडाचा क्लॅम्प बनवला.

तो क्लॅम्प असा करायचा. वखारीतून सागवानाचा तुकडा आण, साधारण ४ इंच लांब आणि २ इंच बाय २ इंच जाड, तुकडाताकडा मागितला तर सुतार फुकट पण देईल. लांबीच्या दिशेने बरोबर मधून १६ एमएमचं भोक आरपार पाडायचं, कारण शाफ्टचं ग्रिपकडचं टोक बहुतेक वेळा ०.६०० इंच म्हणजे सव्वापंधरा एमएम असतं. भोक पाडून झालं की मग तो ठोकळा करवतीने उभा चिरायचा, बरोबर भोकाच्या मधून. आधी चिरून मग भोक पाडायला गेलास तर ते कधीच गोल येत नाही, हे उलटं करू नकोस. करवतीच्या पात्याने जेवढं लाकूड खाल्लं तेवढी फट दोन भागांमधे आपोआप मिळते आणि तीच फट पुढे आवळायला उपयोगी पडते. आतल्या बाजूने सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला की क्लॅम्प तयार. शाफ्टचा हेडकडचा बारीक भाग धरायला असाच दुसरा बनव, भोक १० एमएमचं.

जुनी ग्रिप कापायला सरळ सुरी वापरू नकोस, सुरीचं टोक ग्रॅफाइटमधे रुततं. हॅक्सॉचं मोडलेलं ब्लेड ग्राइंडरवर आकड्यासारखं घासून घे, धार आकड्याच्या आतल्या बाजूला, आणि ते ग्रिपच्या खाली सरकवून वर आणि आपल्यापासून लांब ओढत न्यायचं. नवी ग्रिप सरकावी म्हणून शाफ्टवरच्या टेपवर तेल ओततात (कुठलं ते पुढच्या उत्तरात आहे), ते खाली गळतं, ते धरायला ३ इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून अर्धी पन्हाळ कर आणि थोडी उतरती बांध, खाली डबा ठेव, म्हणजे तेच तेल गाळून परत वापरता येतं. ग्रिपच्या टोकाचं भोक बंद करायला बॉल ठेवायची टी खुपसायची, त्या तर तुझ्या खिशात असतातच.

आणि एक सांगतो. चेंबूरच्या गोल्फ क्लबशेजारच्या वस्तीतल्या कॅडींनी सळई वाकवून, टोक चपटं करून, वरती रबरी नळी चढवून स्वतःचे क्लब बनवले आणि गल्लीत प्लास्टिकच्या बॉलवर खेळले. ज्यांनी हातात चांगला क्लब नसताना स्वतःचा क्लब बनवून घेतला त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. तुझ्याकडे तर व्हाइस असणार आहे.

प्रश्न: मी ठाण्याला राहते. बाबांचा जुना सेट आहे, ग्रिप दगडासारख्या झाल्यात. टेपवर ओतायला जे द्रावण लागतं त्याऐवजी पेट्रोल किंवा रॉकेल चालेल का? आणि बाबांची बोटं आता संधिवाताने नीट मिटत नाहीत, त्यांच्यासाठी ग्रिप जाड करता येते का?

ताई, पेट्रोल अजिबात नको. फ्लॅटमधे, बंद खोलीत, पाच-सहा क्लबांवर ओतायचं म्हणजे वाफ खोलीभर होते आणि शेजारच्या स्वयंपाकघरातली एक ठिणगी पुरते. रॉकेल पेटायला तुलनेने हळू, पण ते तेलकट राहतं आणि लवकर सुकत नाही, ग्रिप आठवडाभर फिरत राहते. रंगाच्या दुकानात एमटीओ मागा, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन, ऑइलपेंट पातळ करायला वापरतात तेच. तेही पेट घेतंच, तेव्हा बाल्कनीत, गॅस आणि देवघरातला दिवा यांच्यापासून लांब, आणि रात्रभर सुकू द्या.

जाडी वाढवायला नवी ग्रिप घ्यायची गरज नाही. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायच्या आधी खाली साध्या मास्किंग टेपचे थर द्यायचे, एका थराने व्यासात साधारण पाव एमएम वाढ होते. पुरुषांच्या नेहमीच्या ग्रिपचा व्यास वरच्या टोकापासून २ इंच खाली मोजला तर ०.९०० इंच, म्हणजे जवळपास २३ एमएम असतो आणि मिडसाइज म्हणतात ती त्यापेक्षा दीड एमएमच्या आसपास जाड. म्हणजे सहा थर दिले की मिडसाइजपर्यंत पोचता. पण एकदम सगळ्या क्लबांना करू नका, आधी एकाच ७ नंबरच्या क्लबला चार थर देऊन बाबांच्या हातात आठवडाभर राहू द्या, बोटं काय सांगतात ते बघा आणि मग बाकीचे करा.

प्रश्न: मी न्यू जर्सीला असतो, मूळचा सांगलीचा. मुलगा सहा फूट दोन इंच झाला म्हणून त्याच्या आयर्न (धातूच्या चपट्या हेडचे क्लब) मी घरीच एकेक इंच वाढवल्या, जुन्या शाफ्टचा तुकडा आत घालून चिकटवला, ते काम पक्कं झालंय. पण आता तो म्हणतो हेड फार जड लागतंय. स्विंगवेट मोजायचा काटा घ्यायची इच्छा नाही, वर्षातून एकदा लागणार. घरी मोजता येईल का?

येईल, आणि हा माझा आवडता विषय आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मुलगा म्हणतो ते बरोबर आहे. अर्धा इंच लांबी वाढली की स्विंगवेट साधारण ३ पॉइंट वाढतं, तुम्ही १ इंच वाढवला म्हणजे ६ पॉइंट, स्विंगवेट अक्षर आणि आकडा असं लिहितात, आधी डी १ असेल तर आता डी ७, हे कोणालाही हातात जाणवेल.

स्विंगवेट म्हणजे नुसतं वजन नाही, क्लब एका ठरावीक जागी टेकवला तर हेडकडची बाजू किती जोराने खाली ओढते त्याचं ते माप आहे. ही पद्धत १९२०च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट ॲडम्स यांनी काढली आणि टेकवायची जागा ग्रिपच्या टोकापासून १४ इंचावर धरली, तीच आजपर्यंत चालू आहे. आता १४ इंचावर टेकू आणि पलीकडे सरकतं वजन असा काटा बनवायचा तर कटकट आहे, पण शाळेत शिकलेला मोमेंटचा नियम वापरला तर काट्याची गरजच पडत नाही. दोनच गोष्टी मोजायच्या, क्लबचं एकूण वजन आणि क्लब कुठल्या जागी समतोल राहतो ती जागा.

वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. काट्यावर एक वाटी ठेवून तो शून्य करा आणि क्लब वाटीवर असा ठेवा की तो कुठेच टेबलाला टेकणार नाही. समतोलाची जागा काढायला तीनधारी कानस व्हाइसमधे धार वर करून धरा आणि त्या धारेवर क्लब आडवा ठेवून इकडेतिकडे सरकवत राहा, एका जागी तो हलतो डुलतो पण कुठल्याच बाजूला पडत नाही, तिथे शाफ्टवर मास्किंग टेपचा तुकडा लावून बारीक पेन्सिलने खूण करा. मग ग्रिपच्या टोकापासून त्या खुणेपर्यंतचं अंतर सेंटीमीटरमधे मोजा, शिंप्याच्या टेपने नको, ती ताणली जाते, स्टीलच्या टेपने.

आता गणित. १४ इंच म्हणजे ३५.५६ सेंटीमीटर. मोजलेल्या अंतरातून ते वजा करायचे आणि उरेल त्याला ग्रॅममधल्या वजनाने गुणायचं. उत्तर १५,३७४ आलं तर क्लब डी ०. त्याच्यावर दर १२६ला एक पॉइंट वाढत जातो, खाली आलं तर तसाच कमी.

समजा ५ नंबरची आयर्न आहे, वजन ४२५ ग्रॅम, समतोल ७२.३ सेंटीमीटरवर. ७२.३ वजा ३५.५६ म्हणजे ३६.७४, गुणिले ४२५ म्हणजे १५,६१४. यातून १५,३७४ वजा केले की उरले २४०, भागिले १२६ म्हणजे १.९. क्लब डी २च्या जवळ आहे, झालं काम. समतोलाच्या जागेत एक एमएमची चूक झाली तर उत्तर एक तृतीयांश पॉइंटने हलतं, म्हणून खूण तीनदा करा, क्लब उचलून पुन्हा ठेवून, आणि मधली धरा.

आता तुमच्या मुलाचं. हेडवर २ ग्रॅम चढवले की एक पॉइंट वाढतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण तुम्हाला कमी करायचंय आणि हेडमधून ग्रॅम काढणं घरी करण्यासारखं काम नाही, घासायला गेलात तर सोलचा, म्हणजे हेडच्या तळाचा, आकार बिघडतो. हेडमधे शाफ्टच्या टोकाला पितळेची खुंटी घातलेली असेल तर ती काढून काही पॉइंट उतरतात, पण त्यासाठी हेड सोडवावं लागतं. त्यापेक्षा आधी ग्रिप बदलून बघा. ग्रिप ५ ग्रॅमने जड झाली की एक पॉइंट उतरतो, ५० ग्रॅमच्या ग्रिपऐवजी ६५ ग्रॅमची घातली तर ३ पॉइंट गेले. सहाच्या सहा उतरवायचा हट्ट धरू नका, उंच मुलाच्या हाताला डी ३, डी ४ सहज चालतं. ग्रिपच्या टोकात शिशाचा तुकडा कोंबून आकडा कमी दाखवता येतो हे खरंय, पण क्लबचं एकूण वजन वाढतं आणि सतराव्या होलला ते खांद्याला कळतं, मी ते करत नाही.

प्रश्न: क्लबची लांबी नेमकी कुठून कुठे मोजायची? नागपूरला आमच्यात यावरून वाद झाला. एक जण हेडच्या टोकापासून मोजतो, दुसरा टाचेपासून.

टाचेवाला जवळ आहे. नियम असा, की क्लब जमिनीवर बॉलसमोर ठेवतो तसा टेकवायचा आणि ६० डिग्रीचा कोन सोलला जिथे भिडतो तिथून ग्रिपच्या वरच्या टोकापर्यंत शाफ्टच्या कडेने मोजायचं. मुलांच्या कंपासपेटीत जो ३०-६०चा गुण्या असतो तो यासाठीच बनवल्यासारखा आहे. ५ फूट लांब सरळ पट्टी घ्या, तिच्यावर स्टीलची टेप चिकटवा आणि शून्याच्या ठिकाणी गुण्याच्या मापाने ६० डिग्रीत कापलेला लाकडी ठोकळा स्क्रूने बसवा. क्लबची टाच त्या उतारावर टेकवली, शाफ्ट पट्टीला लावला की वरचं माप वाचायचं. कुठलाही क्लब १८ इंचापेक्षा कमी चालत नाही आणि पटर (होलजवळ बॉल हलकेच ढकलायचा क्लब) सोडून कुठलाही ४८ इंचापेक्षा जास्त चालत नाही, आणि १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धा घेणाऱ्यांना ४६ इंचाची मर्यादा लावायची मुभा आहे, तेव्हा ड्रायव्हर, म्हणजे पहिला लांब फटका मारायचा क्लब, लांब असेल तर आधी विचारून घ्या.

प्रश्न: लष्करातून निवृत्त, देवळालीला स्थायिक. ड्रायव्हरचा ग्रॅफाइट शाफ्ट चांगला आहे पण हेडला चीर गेली. शाफ्ट वाचवून दुसऱ्या हेडमधे बसवायचाय. बाहेरचा शाफ्ट पुलर फारच महाग आहे. घरी बनवता येईल का, आणि चिकटवायला साधं पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी चालेल का?

साहेब, पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं अगदी ठाम नाही.

आधी पुलर. स्टीलचा शाफ्ट असता तर होझल, म्हणजे हेडची शाफ्ट आत बसतो ती नळी, तापवून हेड पिळून काढता आलं असतं, ग्रॅफाइट पिळायचा नाही, कारण त्याचे धागे गुंडाळलेले असतात आणि तापलेल्या टोकाला पीळ बसला की ते थरच एकमेकांपासून सुटतात. हेड शाफ्टवरून सरळ रेषेत सरकलं पाहिजे, जराही न फिरता. बाहेरचा महागडा पुलर एवढं एकच काम करतो, सरळ ढकलतो.

फॅब्रिकेशनवाल्याकडून ६ एमएम जाडीची पट्टी घ्या, ६-६ इंचाचे दोन तुकडे. दोन्हींना एकाच मापाने, ४ इंच अंतरावर, दोन भोकं, त्यातून १२ एमएमचे थ्रेडेड रॉड जातील. पहिल्या पट्टीवर वर सांगितलेला १० एमएम भोकाचा सागवानी क्लॅम्प बोल्टने घट्ट बसवा, यात शाफ्ट धरला जाईल. दुसऱ्या पट्टीला मधोमध १० एमएम रुंदीची खाच कापून घ्या, एका बाजूने उघडी, म्हणजे ती शाफ्टवर बाजूने चढवता येते. ड्रायव्हरच्या शाफ्टचं टोक ०.३३५ इंच म्हणजे साडेआठ एमएम असतं आणि होझलची बाहेरची कड त्याहून बरीच मोठी, त्यामुळे खाचेत शाफ्ट मोकळा राहतो आणि पट्टी फक्त होझलच्या कडेवर टेकते. आतल्या बाजूचे नट फिरवले की दोन पट्ट्या एकमेकींपासून लांब जातात आणि होझल ढकललं जातं. दोन्ही नट आलटून पालटून अर्धा अर्धा फेरा, एकच बाजू फिरवली तर पट्टी तिरकी होते आणि तिरका जोर म्हणजे शाफ्ट गेला.

क्लॅम्पमधे शाफ्ट घसरू लागला तर जास्त आवळू नका. पूजेच्या सामानाच्या दुकानातून राळ आणा, कुटून बारीक पूड करा आणि क्लॅम्पमधे भुरभुरवा. राळेने अशी पकड येते की निम्म्या जोरात काम होतं, काम झाल्यावर एमटीओच्या फडक्याने पुसली की जाते.

फेरूल, म्हणजे होझलच्या तोंडाशी शाफ्टवर बसवलेली प्लास्टिकची कडी, आधी कापून काढा. मग हेडला ओलं फडकं गुंडाळून फक्त होझल उघडं ठेवा आणि हीट गन एका जागी न धरता गोल फिरवत राहा. नटवर हलका ताण आधीच देऊन ठेवायचा आणि तापवता तापवता वाट बघायची, इपॉक्सीने हात सोडला की नट अचानक हलका होतो, ते बोटांना कळतं. तिथून पुढे उष्णता बंद आणि सलग ढकलत राहायचं. गॅसची ज्योत ग्रॅफाइटला दाखवू नका. घाई झाली की शाफ्टच्या टोकाचं रेझिन जळतं, वास येतो, आणि असा शाफ्ट वरून धडधाकट दिसला तरी परत बसवायचा नाही. आणि एक गोष्ट, नवीन जोडणी असलेल्या ड्रायव्हरमधे शाफ्टच्या टोकाला स्क्रूची स्लीव्ह असते, तसं असेल तर हेड नुसतं पान्याने सुटेल आणि यातलं काहीच करावं लागणार नाही, ते आधी तपासा.

आता इपॉक्सी. माझ्याकडे सुरुवातीला एक ड्रायव्हर आला, मालकाला त्याच संध्याकाळी हवा होता, मी पाच मिनिटांवालं लावून दिलं. तिसऱ्या दिवशी सरावाच्या मैदानावर हेड सुटून समोर उडालं. समोर कोणी नव्हतं म्हणून निभावलं, बाजूच्या जागेवर एक लहान मुलगी शिकत होती हे मला नंतर कळलं आणि त्या रात्री झोप आली नाही. तेव्हापासून ड्रायव्हरला क्लबसाठीचंच २४ तासांचं इपॉक्सी, हे बाहेरून मागवावं लागलं तरी मागवतो, बाकी सगळीकडे काटकसर करा पण इथे नको. स्टीलच्या पटरला आपल्याकडचं २४ तासांचं अराल्डाइट मी वापरतो आणि ते टिकलंय. एम-सील हे भोकं बुजवायला आहे, शाफ्टला नाही.

बसवायच्या आधी होझलच्या आतलं जुनं इपॉक्सी पूर्ण काढा, ड्रिलला गोल तारेचा ब्रश लावून, आणि शाफ्टचं टोक एमरी पेपरने फक्त चमक जाईपर्यंत खरवडा, खोल गेलात तर धागे कापले जातात. दोन्ही ॲसिटोनने पुसा, पुसल्यावर बोट लावू नका. दोन्ही भाग समान घेऊन मिनिटभर तरी घोटा, होझलच्या आत पण लावा, शाफ्ट हळू फिरवत आत न्या आणि क्लब उभा करून ठेवा. पुठ्ठ्यावर उरलेलं इपॉक्सी फेकू नका, दुसऱ्या दिवशी त्यात नख रुतलं तर क्लबमधलंही कच्चं आहे असं समजा आणि अजून एक दिवस थांबा.

शाफ्ट कापताना, स्टीलला प्लंबरचा पाइप कटर चालतो, ग्रॅफाइटला तो लावू नका, चिरडतो. मास्किंग टेप गुंडाळून बारीक दात्याच्या हॅक्सॉने गोल फिरवत कापा, मास्क लावून, ती काळी धूळ फुप्फुसात जायला नको.

प्रश्न: कोल्हापूर, शिरोलीच्या एका फाउंड्रीत काम करतो, म्हणून धातूची थोडी समज आहे. आयर्नचा लाय अँगल, म्हणजे क्लब टेकवल्यावर शाफ्ट आणि जमीन यांच्यातला कोन, बदलायला जे बेंडिंग मशीन लागतं ते मी बनवू शकतो, पण प्रत्येक हेड वाकतं का? आणि किती वाकवायचं ते कसं ठरवायचं?

तुमच्याकडून पत्र आल्याचा आनंद झाला, कारण हे काम धातू कळणाऱ्यानेच करावं. फोर्ज केलेली मऊ कार्बन स्टीलची हेडं निवांत वाकतात. कास्ट केलेली १७-४ स्टेनलेसची हेडं कडक असतात, स्प्रिंगसारखी परत येतात आणि जास्त जोर लावला की होझलच्या मानेत तडा जातो, घरच्या दांडीने मी ती वाकवत नाही. ४३१ स्टेनलेस त्या मानाने समजूतदार आहे, एक-दोन डिग्री देतं. दांडी म्हणाल तर २ फूट लांब जाड सळई, टोकाला होझल बसेल अशी खाच आणि खाचेत पितळेचा पत्रा. हेड धरायला व्हाइसच्या जबड्यांना ॲल्युमिनियमच्या अँगलचे तुकडे लावा, नाहीतर फेसवर, म्हणजे बॉल लागतो त्या बाजूवर, वण पडतात.

किती वाकवायचं हे ठरवायला यंत्र लागत नाही. बॉलवर व्हाइटबोर्डच्या मार्करने एक जाड सरळ रेघ काढा, ती रेघ उभी आणि क्लबच्या फेसकडे तोंड करून बॉल ठेवा, आणि खेळणाऱ्याला नेहमीसारखा मारू द्या. फेसवर रेघेचा ठसा उमटतो. क्लबच्या आडव्या खाचांना तो काटकोनात असेल तर लाय बरोबर. ठशाचं वरचं टोक हेडच्या टोकाकडे झुकलं असेल तर क्लब जास्त उभा आहे, टाचेकडे झुकलं तर जास्त आडवा. पाच बॉल मारून घ्या, एकावर ठरवू नका. वाकवताना मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप चालतं, फोन रबरबँडने शाफ्टला बांधा, आधीचा आकडा वहीत लिहा, एकेक अर्धी डिग्री जा. एकदा इकडे एकदा तिकडे असं हेलकावत वाकवू नका, धातू थकतो हे तुम्हाला मी काय सांगणार.

प्रश्न: फेरूल बसवताना दर वेळी फाटते. आणि बसल्यावर होझलच्या जोडावर ओबडधोबड कड राहते, दुकानातल्यासारखी गुळगुळीत कशी करायची? (पनवेल)

कपभर कडक गरम पाण्यात फेरूल दोन मिनिटं ठेवा, मऊ होते. मग लाकडाच्या ठोकळ्यात शाफ्टच्या टोकापेक्षा किंचित मोठं भोक पाडा, आयर्नचं टोक ०.३७० इंच म्हणजे ९.४ एमएम असेल तर १० एमएमचं ड्रिल, टेपर म्हणजे निमुळतं टोक असेल तर ते ९ एमएम असतं, तेव्हा साडेनऊचं. भोकाची खोली होझलच्या खोलीएवढीच ठेवा, त्यासाठी ड्रिलला टेपची खूण करा. फेरूल शाफ्टच्या टोकावर हाताने टेकवायची, शाफ्ट उलटा धरून ठोकळ्याच्या भोकात घालायचा आणि सरळ खाली ठोकायचा, ठोकळा फेरूलला वर ढकलतो आणि भोकाचा तळ आला की ती बरोबर जागेवर थांबते.

कडेसाठी, इपॉक्सी पूर्ण सुकल्यावर होझलला दोन फेरे मास्किंग टेप लावा म्हणजे क्रोमवर ओरखडे येणार नाहीत. पॉलिश पेपरची बोटभर रुंद पट्टी कापून, बूट पॉलिश करताना फडकं ओढतात तशी फेरूलवर पुढेमागे ओढा, शाफ्ट फिरवत, आधी २४० नंबर मग ४००. कड टेपला भिडली की थांबा. शेवटी सुती फडक्याचं टोक ॲसिटोनमधे जेमतेम ओलं करून फेरूलभोवती एकच फेरा, न थांबता, न दाबता, आणि लगेच हात काढायचा. काळा रंग चमकून वर येतो. दुसरा फेरा मारू नका, प्लास्टिक विरघळून ओघळ येतो आणि मग परत २४० पासून.